पाणी वाढण्याआधी यार्डातल्या किल्ल्यांचा हिशेब लावा

मा. संपादक,
स. न.

पावसाळा जवळ आला की पंचगंगेच्या पातळीची चर्चा कोल्हापुरात घरोघरी सुरू होते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. जनावरे, धान्य, औषधे, बोटी अशा सगळ्यांची तयारी बोलली जाते. शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात महामार्गालगतच्या मोकळ्या जागांत उभ्या असलेल्या नव्या मोटारींचा विषय मात्र त्यात कधी निघत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावरच पाणी आले आणि वाहतूक बंद पडली. अशा वेळी गाड्या न्यायला ट्रेलर येऊ शकत नाही. ज्या काही गाड्या वाचायच्या त्या एकेक करून, चालवतच उंचावर न्याव्या लागतात. आणि चालवायची म्हणजे आधी त्या गाडीची किल्ली हातात यायला हवी.

नव्या गाड्यांच्या यार्डात पावती, तपासणी आणि किल्ल्यांचे काम करणारी आम्ही मंडळी आहोत. यार्ड रिकामे व्हायला किती वेळ लागेल हे चालक किती आहेत यापेक्षा किल्ल्या कशा ठेवल्या आहेत यावर ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिशेब मांडून पाहा. समजा २०० गाड्या आहेत, १० चालक आहेत आणि सुरक्षित जागा ३ किलोमीटरवर आहे. गाडी काढणे, नेऊन लावणे आणि सगळ्या चालकांना दुसऱ्या वाहनातून परत आणणे, अशी एक फेरी २५ मिनिटांची धरली तर २० फेऱ्यांना ५०० मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटे लागतील. प्रत्येक फेरीत किल्ली शोधण्यात, चुकीची आली म्हणून ती बदलून आणण्यात १० मिनिटे गेली तर त्यात आणखी २०० मिनिटांची भर पडते. तीन तासांत नदी किती चढते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. शिवाय यार्डात गाड्या एकामागे एक, अंगाला अंग लावून उभ्या असतात. आठ गाड्यांच्या रांगेत सर्वांत पुढच्या गाडीची किल्ली सापडली नाही किंवा तिची बॅटरी उतरलेली असली की मागच्या सात गाड्यांच्या किल्ल्या हातात असूनही उपयोग नाही.

बहुतेक ठिकाणी किल्ल्या मॉडेल आणि रंगाप्रमाणे लावलेल्या असतात. विक्री विभागाला ते सोयीचे पडते. ग्राहक पांढरी मागतो, पांढऱ्यांच्या खुंट्या एकत्र सापडतात. पण त्या खुंटीवरून गाडी यार्डात कुठे उभी आहे हे कळत नाही. मग माणूस रिमोटचे बटण दाबत रांगांमधून फिरतो आणि कुठे दिवे लुकलुकतात ते बघतो. भर उन्हात ते नीट दिसत नाहीत, आणि रिमोटचा सेल किंवा गाडीची बॅटरी संपली असेल तर लुकलुकणारच नाहीत. म्हणून किल्ल्यांचा फळा हा यार्डाचा नकाशा असावा. जमिनीवर रांगांना अक्षरे आणि जागांना आकडे रंगवावेत, आणि फळ्यावर त्याच क्रमाने तेवढेच हुक असावेत. क रांगेतली सातवी जागा म्हणजे क-७ चा हुक. गाडी हलली की किल्ली नव्या जागेच्या हुकावर गेली पाहिजे. याने नोंदी शिळ्या होतील असा आक्षेप घेतला जातो. पण गाडी परत लावणारा चालक किल्ली टांगताना आपण कुठे लावली तो हुक शोधतो, म्हणजे जागेची नोंद त्याच्या हातून आपोआप होते. वेगळी वही भरायची गरज उरत नाही. मॉडेल आणि रंगाची यादी संगणकावर ठेवा, विक्री विभागाने ती तिथे बघावी.

ट्रेलर येतो तेव्हापासूनच शिस्त लागते. एका ट्रेलरवर सात-आठ गाड्या असतात. चढवता-उतरवताना किल्ली सारखी लागते म्हणून प्रवासात ती बहुधा गाडीतच असते. उतरल्यावर मात्र ती गाडीत राहता कामा नये. बहुतेक गाड्यांना दोन किल्ल्या येतात, आणि त्या एकाच कडीत अडकवलेल्या असतात. ही कडी फाटकातच सोडवायला हवी. ती तशीच राहिली तर हरवताना दोन्ही किल्ल्या एकदम हरवतात आणि स्पेअर नावालाच उरते. चेसिस नंबर बीजकाशी ताडायचा, दोन्ही किल्ल्यांनी गाडी उघडून, बंद करून, सुरू करून पाहायची, नवी किल्ली मागवताना लागणारी किल्ली-नंबराची पट्टी सोबत आहे ना ते बघायचे. एक किल्ली कमी आहे किंवा दुसऱ्याच गाडीची आहे हे इथेच सापडले तर ट्रेलरच्या पावतीवर शेरा मारता येतो. महिन्याभराने सापडले तर जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

किल्लीला बांधायची खुणेची पट्टी ही क्षुल्लक वस्तू वाटते, पण सर्वाधिक घोळ तिथेच होतात. चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, त्यामुळे गोल दिसला की तो शून्यच. पट्टीवर शेवटचे सहा आकडे लिहायची पद्धत आहे. पण एकाच आवारात दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या असतील तर तेच सहा आकडे दोन गाड्यांचे निघू शकतात. म्हणून मॉडेलचे नाव आणि रंग सोबत हवेतच. कागदी पट्टी जुलैच्या हवेत लगदा होते आणि बॉलपेनची शाई फुटते. मऊ प्लॅस्टिकची पट्टी, पक्क्या शाईचा मार्कर आणि नायलॉनचा टाय घ्यावा. लोखंडी तार किंवा पत्र्याचा बिल्ला किल्लीला बांधला की तो गाडी चालवताना स्टिअरिंगखालच्या प्लॅस्टिकवर ओरखडे काढतो, आणि ते नव्या गाडीच्या ग्राहकाला पहिल्याच दिवशी दिसतात.

किल्ली देण्या-घेण्यासाठी आमच्या मते उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या टूलरूमची, म्हणजे हत्यारे देणाऱ्या खोलीची, जुनी पद्धत अजूनही सगळ्यांत खात्रीची आहे. तिथे कामगार मायक्रोमीटरसारखे मोजमापाचे हत्यार नेतो तेव्हा त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला त्या जागी टांगून नेतो. यार्डातही तसेच करावे. प्रत्येक चालकाला त्याच्या नंबरचे दोनच बिल्ले द्यावेत. किल्ली काढली की बिल्ला हुकावर, किल्ली परत आली की बिल्ला खिशात. दोन्ही बिल्ले अडकलेले असतील तर तिसरी किल्ली मिळणार नाही. धुणारे, अ‍ॅक्सेसरी बसवणारे, फिल्म लावणारे, बॅटरी चार्ज करणारे यांनाही हाच नियम हवा, कारण किल्ली बहुतेक वेळा चालकाकडून न हरवता अशा मधल्या हातांतून हरवते. एकाने दुसऱ्याला परस्पर दिलेली किल्ली, कपहोल्डरमध्ये टाकलेली, पुढच्या टायरवर ठेवलेली, मॅटखाली सरकवलेली, संध्याकाळी पॅन्टच्या खिशातून थेट कागलला किंवा इचलकरंजीला गेलेली, अशा याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. वहीत वेळ, चेसिसचे आकडे, नाव आणि काम लिहावे, पण वही संध्याकाळी एकदम भरली जाते हे सगळ्यांना माहीत आहे. बिल्ला उशिरा टांगता येत नाही.

फाटक बंद करण्याआधी मोजणी होते ती दोन मिनिटांची. ज्या हुकावर किल्ली नाही आणि बिल्लाही नाही, आणि त्या जागेवर गाडी मात्र उभी आहे, असा एकही हुक राहिला तर त्याचा निकाल लागेपर्यंत कुणी घरी जाऊ नये. दुसऱ्या दिवशी शोधू म्हटलेली किल्ली सहसा दुसऱ्या दिवशी सापडत नाही, कारण तोवर ज्याच्या हातात ती शेवटी होती तो माणूस दुसऱ्या गाडीला लागलेला असतो.

स्पेअर किल्ल्यांबद्दल आमचा आग्रह जरा जास्त आहे. त्या चेसिस नंबर लिहिलेल्या, सील केलेल्या पाकिटात, वेगळ्या इमारतीत आणि वरच्या मजल्यावर असाव्यात. मुख्य फळा यार्डाच्या केबिनमध्ये आणि स्पेअरचे कपाट त्याच केबिनच्या खालच्या कप्प्यात, ही रचना अनेक ठिकाणी आहे. गुडघाभर पाणी आले तरी स्पेअर आधी बुडतात. मुख्य फळासुद्धा छातीच्या उंचीच्या वर असावा. पाकीट फोडायला दोन सह्या लागाव्यात आणि फोडल्याचे कारण लिहिलेले असावे. नाहीतर मुख्य किल्ली सापडेना म्हणून स्पेअर काढली जाते, मग स्पेअरच मुख्य बनते आणि खरी मुख्य किल्ली हरवली आहे हे डिलिव्हरीच्या दिवशी कळते.

किल्ली हरवली तर नवी कापून आणली आणि झाले, असा काळ आता राहिला नाही. किल्लीत इमोबिलायझरची चिप असते; ती ओळखल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. नवी किल्ली कंपनीकडून मागवावी लागते, ती स्कॅनर जोडून गाडीला शिकवावी लागते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये त्या वेळी गाडीच्या सगळ्या किल्ल्या हजर असाव्या लागतात, कारण जुनी नोंद पुसून सगळ्या नव्याने नोंदवल्या जातात. नोंद पुसली की हरवलेल्या किल्लीने गाडी सुरू होत नाही. पण तिच्यातले धातूचे पाते दार उघडतेच. किल्ली चोरीला गेल्याचा संशय असेल तर कुलपांचा संच बदलणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो खर्च व तो वेळ कोणत्याही फळ्याच्या व बिल्ल्यांच्या खर्चाहून कितीतरी मोठा आहे.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांनी यात नवी गुंतागुंत आणली आहे. गाडी दाराजवळ साधारण मीटरभर अंतरात किल्लीला हाक देते आणि किल्ली बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर उत्तर देते. काही मॉडेलमध्ये किल्ली जवळ असेपर्यंत हा संवाद सारखा चालू राहतो. किल्ल्यांच्या केबिनला लागून गाड्या लावल्या, किंवा किल्ली गाडीतच विसरली, तर किल्लीचा सेलही उतरतो आणि गाडीची बॅटरीही. फळा आणि सर्वांत जवळची गाडी यांत चार-पाच मीटर तरी मोकळे असावेत. किल्ल्या पिशवीत किंवा खोक्यात ढिगाने टाकू नयेत. वजनाने बटणे दाबली जातात, गाड्या उघडतात, आणि काही मॉडेलमध्ये उघडण्याचे बटण दाबून धरले तर चारही काचा खाली येतात. पावसाळ्याच्या रात्री हे झाले तर सकाळी सीटवर पाणी असते.

सेल बदलताना माप बघावे. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी; सीआर २०२५ फक्त अडीच मिलिमीटर जाड असतो. घाईत २०३२ च्या जागी २०२५ बसवला तर तो बसल्यासारखा दिसतो, पण संपर्क सैल राहतो आणि किल्ली कधी चालते, कधी चालत नाही. असली किल्ली बंद पडलेल्या किल्लीपेक्षा वाईट.

किल्लीचा सेल संपला म्हणजे गाडी अडली असे नाही. किल्लीतले पाते काढून चालकाच्या दाराचे कुलूप उघडता येते. काही गाड्यांत हे कुलूप हँडलच्या टोपणाखाली लपवलेले असते. मग किल्ली सुरू करण्याच्या बटणालाच टेकवून, ब्रेक किंवा क्लच दाबून बटण दाबले की चिप वाचली जाते. काही मॉडेलमध्ये किल्ली ठेवायची जागा वेगळी असते. प्रत्येक मॉडेलची ही कृती एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून फळ्याशेजारी लावावी. रात्री दोन वाजता मदतीला बोलावलेल्या चालकाने ती गाडी आधी कधी चालवलेली असेलच असे नाही.

गाडीचीच बॅटरी उतरली असेल तर काम अवघड होते. उभ्या गाडीतही थोडा प्रवाह सतत जातो. तो ३० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला ०.७२ अँपिअर-तास होतात, म्हणजे छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सव्वातीन-साडेतीन आठवड्यांत निम्मी होते. उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करावी. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आणि स्वयंचलित गिअर असलेली गाडी वीज नसताना ढकलूनही बाजूला होत नाही. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. म्हणून मे महिन्यात प्रत्येक गाडीचे व्होल्टेज मोजून आकडा त्याच हुकाखाली लिहावा. जास्त दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॅटरीची ऋण तार सोडून ठेवली असेल तर हुकावर लाल पट्टी हवी, नाहीतर चालक किल्ली घेऊन जातो आणि दहा नंबरचा पाना आणायला परत येतो. २०० गाड्यांच्या यार्डात बॅटरी उतरलेली गाडी सुरू करून देणारे, चार्ज केलेले तीन-चार जंप स्टार्टर असावेत. नव्या गाड्यांत इंधन थोडेच असते, आणि महामार्ग बंद पडला की टँकरही थांबतात, तेव्हा तेही आधीच बघितलेले बरे.

बोटाचा ठसा घेऊन एकेक किल्ली सोडणारी इलेक्ट्रॉनिक कपाटे आता मिळतात. कुणी, कधी, कोणती किल्ली घेतली हे त्यात आपोआप नोंदले जाते आणि चोरीला चांगला आळा बसतो. मोठ्या यार्डांनी ती जरूर घ्यावीत. पण वीज गेल्यावर ते कपाट कसे उघडायचे, त्याची यांत्रिक किल्ली कोणाकडे आहे आणि तो माणूस पुराच्या रात्री नदीच्या कोणत्या बाजूला असेल, याचे उत्तर खरेदीआधी हवे. अमेरिकेत काही विक्रेते प्रत्येक गाडीच्या काचेला कुलूपबंद डबी लटकवून किल्ली त्यातच ठेवतात. रिकामे करताना ती पद्धत वेगवान आहे हे खरे, पण बटणाच्या गाड्यांत किल्ली अहोरात्र गाडीजवळ राहते आणि सेल-बॅटरीचा वर सांगितलेला त्रास होतो. शंभर-दीडशे गाड्यांपर्यंत आम्ही फळा आणि बिल्लाच पसंत करू.

पुरात सापडलेल्या गाडीबद्दल एकच सांगतो: पाणी शिरलेली गाडी सुरू होते का बघू म्हणून बटण दाबू नका. इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. किल्ली लांब ठेवा आणि बॅटरीची तार सोडा. भिजलेल्या किल्लीतला सेल लगेच काढा, चिखल स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच नवा सेल घाला.

ग्राहकांसाठीही थोडे. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा अशा मुहूर्तांना एका सकाळी पन्नास-साठ गाड्या बाहेर पडतात आणि किल्ल्यांची अदलाबदल त्याच गर्दीत होते. घाई असली तरी दोन्ही किल्ल्या मागून घ्या, दोन्हींनी दार उघडा, दोन्हींनी इंजिन सुरू करा. खालच्या व्हेरियंटमध्ये एक रिमोटची आणि एक साधी किल्ली येऊ शकते. काय मिळणार ते आधीच विचारा. किल्ली-नंबराची पट्टी घरी जपून ठेवा, गाडीत नको. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. आणि नव्या गाडीच्या फोटोत किल्लीचे पाते उघडे दाखवू नका. दात दिसले तर पाते कापता येते.

जिल्हा प्रशासन, प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि विक्रेत्यांनी मिळून दोन गोष्टी जूनआधी ठरवाव्यात अशी विनंती आहे. नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर आणायला विक्रेत्याला ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे परिवहन कार्यालयाचा परवाना, लागतो. एका रात्रीत दोनशे गाड्या हलवायच्या तर चौकात अडवणूक होऊ नये म्हणून पूरकाळासाठी लेखी परवानगीची पद्धत आधीच जाहीर व्हावी. दुसरे, गाड्या नेण्यासाठी उंचावरची मोकळी मैदाने यार्डनिहाय नेमून द्यावीत, म्हणजे सगळ्या यार्डांच्या गाड्या एकाच रस्त्यावर अडकणार नाहीत आणि बोटी, रुग्णवाहिका यांची वाट मोकळी राहील. यार्डांनी बंधाऱ्यावर ३९ फूट होताच फाटकाजवळच्या रांगेपासून गाड्या काढायला सुरुवात करावी, आणि मे महिन्यात एका रविवारी एक पूर्ण रांग बाहेर काढून घड्याळ लावून पाहावे.

आपले,
नव्या मोटारींच्या यार्डात काम करणारे काही पर्यवेक्षक,
कोल्हापूर